कीटकभक्षी झाड का सुकतंय? घरी वाढवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हौसेने आणलेलं व्हीनस फ्लायट्रॅप किंवा घटपर्णी दोन-तीन महिन्यांत मान टाकते आणि घरचे म्हणतात, "ही झाडं आपल्याकडे जगतच नाहीत." जगतात. पुण्यात माझ्या गॅलरीत ती अकरा वर्षं आहेत. माझ्याकडे मेलेली आणि मित्रमंडळींनी दाखवायला आणलेली झाडं आठवली, तर दहातल्या आठांचं दुखणं पाणी, माती किंवा उन्हाचं होतं. आणि जवळजवळ प्रत्येक झाडाने ते आधी सांगितलेलं होतं. कुठे बघायचं, एवढंच आपल्याला माहीत नसतं.

फ्लायट्रॅपचे सापळे काळे पडतायत. झाड मेलं का?

काळ्या पानाकडे नका बघू, मधल्या कोंबाकडे बघा. फ्लायट्रॅपचं प्रत्येक पान काही महिन्यांचंच असतं. एका सापळ्याने तीन-चार किडे पचवले की त्याचं काम संपतं, तो काळा पडतो आणि झाड दुसरा काढतं. कडेची जुनी पानं एकेक करून जात असतील आणि मधून हिरवा, गुंडाळलेला कोंब वर येत असेल, तर झाड ठणठणीत आहे. काळं पान कात्रीने कापा आणि विसरून जा.

खरी बातमी नव्या पानात असते. शक्य असेल तर भिंग घ्या. नवं पान टोकाकडून तपकिरी होत बाहेर येतंय, तर मुळं भाजली आहेत. पाण्यातले क्षार किंवा मातीतलं खत हे कारण. पान लांब, फिकट आणि लुळं आहे, तर ऊन कमी. पान वाकडंतिकडं, चुरगळल्यासारखं उघडतंय, तर कोंबात मावा शिरलाय. आणि मधला गाभाच तपकिरी होऊन बोटाला मऊ लागत असेल, तर कंद सडतोय. ते सगळ्यात वाईट, आणि तिथे लगेच हात घालावा लागतो.

पाणी नेमकं कोणतं? आम्ही पितो तेच घालतो.

इथेच सगळ्यात जास्त झाडं जातात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

या वनस्पती दलदलीत किंवा खडकाळ, कसहीन जमिनीत वाढतात. तिथल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. जमिनीतून काही मिळत नाही म्हणून तर त्या किडे पकडायला लागल्या. त्यांची मुळं क्षारांची सवय नसलेली, नाजूक असतात. वर आपण कुंडी पाणी भरलेल्या ताटलीत ठेवतो. पाणी पानांतून आणि मातीवरून उडून जातं, क्षार मात्र कुंडीतच राहतात.

हिशोब करून बघा. तुमच्या पाण्याचा टीडीएस ३०० असेल, म्हणजे एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार, आणि आठवड्याला एक लिटर पाणी लागत असेल, तर वर्षभरात पंधरा ग्रॅमच्या वर क्षार त्या वीतभर कुंडीत साठतात. चहाचे जवळजवळ तीन चमचे मीठ. कुठलं झाड तग धरेल?

एका मे महिन्यात आमच्या सोसायटीत टँकर सुरू झाले. पावसाचं साठवलेलं पाणी संपलं होतं आणि मी "थोडेच दिवस" म्हणून नळाचं पाणी घालत राहिले. तीन आठवड्यांनी कुंडीच्या काठाला पांढरट कडी दिसायला लागली. नखाने खरवडली तर चुन्यासारखा भुगा निघाला. तेव्हा पहिल्यांदा पाण्यात टीडीएस मीटर बुडवला. आकडा ६४० आला. त्या उन्हाळ्यात माझे चार फ्लायट्रॅप आणि एक सारासेनिया (उभ्या नळीसारख्या पानांत किडे पकडणारं झाड) गेले. सारासेनिया सहा वर्षांचा होता, त्याची हळहळ अजून आहे.

टीडीएस मीटर काहीशे रुपयांना मिळतो, तो झाडाच्या आधी घ्या. ५० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या) आत असेल तर उत्तम, १००पर्यंत काही काळ चालतं, त्याच्या वर नको. पावसाचं पाणी पहिल्या पसंतीचं. पहिल्या दोन-तीन सरी छप्पर धुऊन जाऊ द्या, मग पागोळ्यांखाली स्वच्छ पिंप लावा आणि झाकून ठेवा, नाहीतर डास होतात. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं. मोसमातलं पहिलं बादलीभर फेकून द्या आणि उरलेलं मोजून वापरा. गॅरेजवाले बॅटरीत भरतात ते डिस्टिल्ड वॉटरही चालतं, पण कॅनवर काय लिहिलंय ते नीट वाचा. शेजारीच ॲसिडचे कॅनही असतात.

घरच्या आरओचं पाणी? उकळून गार केलेलं? तुरटी फिरवलेलं?

आरओचं चालतं, पण मोजल्याशिवाय नाही. बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी टीडीएस वाढवायचा स्क्रू किंवा खनिजांची कांडी असते, त्यामुळे नळीतून ८०–१५०चं पाणी येऊ शकतं. उकळल्याने जंतू मरतात, पण विरघळलेले क्षार बहुतेक तसेच राहतात, आणि पाणी आटलं तर उलट दाट होतात. तुरटीने गाळ बसतो, क्षार नाही. कँडलच्या फिल्टरचंही तेच. बाटलीबंद मिनरल वॉटरच्या नावातच खनिजं आहेत.

चांगल्या मातीत, गांडूळखत घालून लावलं. महिन्याभरात गेलं. असं का?

खतामुळेच. तुळस किंवा जास्वंद ज्यावर फोफावते, त्यावर ही मरतात. शेणखत, गांडूळखत, लाल माती, नर्सरीची तयार 'पॉटिंग मिक्स', यातलं काहीही नको. पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) निम्मे-निम्मे घ्या, किंवा नुसतं वाळवलेलं स्फॅग्नम शेवाळ. पीटच्या पिशवीवर 'खतयुक्त' लिहिलेलं असेल तर ती घेऊ नका.

चुकून खताच्या मातीत लावलं असेल तर आजच काढा. मुळं पावसाच्या पाण्यात तीन-चार वेळा विसळा आणि नव्या मिश्रणात लावा. फ्लायट्रॅपची मुळं काळी असतात, ती सडलेली समजून तोडू नका. सडकं मूळ बोटात दाबलं की त्याचा लगदा होतो आणि त्याला गटारासारखा वास येतो.

कोकोपीट चालेल का? ते सगळीकडे मिळतं.

धुतलं तर चालतं. नारळाची सोडणं बऱ्याचदा खाऱ्या किंवा मचूळ पाण्यात कुजवतात, त्यामुळे विटेत मीठ भरपूर असतं. वीट बादलीत भिजवा, पिळा, पाणी फेका. हे आठ-दहा वेळा करा, शेवटच्या पाण्याचा टीडीएस मोजा, आणि तो तुम्ही घातलेल्या पाण्याच्या जवळ आला की मगच वापरा. मला स्वतःला घटपर्णीसाठी धुतलेली सोडणाची खांडं आवडतात. फ्लायट्रॅपला मात्र मी कोकोपीट देत नाही.

कुंडी प्लॅस्टिकची घ्या. मातीच्या कुंडीतून क्षार पाझरतात आणि ती पाणी पटकन सोडते.

सापळे आतून लाल होत नाहीत आणि बंदही होत नाहीत.

ऊन कमी पडतंय. फ्लायट्रॅप मूळचा अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाचा. विल्मिंग्टन शहराच्या आसपासच्या ओल्या, मोकळ्या गवताळ पट्ट्यात तो उगवतो. तिथे अधूनमधून वणवे लागतात आणि वरची झुडपं जळून जातात, म्हणून या बुटक्या झाडाला आकाश मोकळं मिळतं. अशा झाडाला आपण टीव्हीशेजारी ठेवतो. त्याला रोज निदान चार ते सहा तास थेट ऊन हवं. दक्षिणेची किंवा पश्चिमेची गॅलरी असेल तर काम झालं.

नर्सरीतून किंवा पार्सलने नुकतंच आलेलं झाड मात्र थेट उन्हात ठेवू नका. ते प्लॅस्टिकच्या बंद कपात, सावलीत वाढलेलं असतं. सकाळच्या तासाभराच्या उन्हापासून सुरुवात करा आणि दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्या. उन्हाने पोळलेलं पान पांढरट, कागदासारखं होतं. ते सुधारत नाही, पण पुढचं पान सवय होऊनच येतं.

पावसाळ्यात जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे पानं लांबतातच. त्याची फार काळजी करू नका. अंधार फारच असेल तर एलईडी ग्रो लाइट वीतभर अंतरावर बारा-चौदा तास लावा.

मुलं बोट घालून सापळे मिटवतात. त्याने बिघडतं का?

बिघडतं. मिटणं-उघडणं झाडाला महागात पडतं, आणि पोटात काहीच गेलं नाही तर तो खर्च वाया जातो. आतल्या केसांना साधारण वीस सेकंदांच्या आत दोनदा धक्का लागला तर सापळा मिटतो. २०१६ साली जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की मिटल्यावरही झाड धक्के मोजत राहतं, आणि आत काहीतरी धडपडतंय याची पुरेशी खूण पटली तरच पाचकरस सोडतं. मुलांना हे सांगा. "ते मोजतंय" म्हटलं की ती हात आखडतात आणि बघत बसतात.

मग खायला काय देऊ? चिकनचा तुकडा दिला तर सापळा सडला.

मांस, पनीर, पोळी, अंडं काहीही नको. चरबी आणि आकार दोन्ही झेपत नाहीत, तुकडा आतच कुजतो आणि बुरशी धरतो. गॅलरीत ठेवलेलं झाड आपलं आपण माश्या-मुंग्या पकडतं. घरातच ठेवलं असेल तर महिन्यातून एकदा, एका सापळ्यात, सापळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा किडा पुरे. मेलेला किडा असेल तर सापळा मिटल्यावर बाहेरून हलकेच चोळा, नाहीतर किडा धडपडतोय असं झाडाला वाटत नाही आणि दुसऱ्या दिवशी सापळा उघडतो. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: आजारी झाडाला खाऊ घालून ते बरं होत नाही. कोणतंही कीटकभक्षी झाड आधी उन्हावर जगतं.

घटपर्णी हिरवीगार आहे, पण घट येत नाहीत.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो.

पानाच्या टोकाला जो तंतू निघतो, त्याच्या शेंड्याकडे बघा. तिथे ज्वारीच्या दाण्याएवढी कळी असते. ती कळी फुगून खाली वाकते आणि वर वळून घट होते. त्या दाण्याचं काय होतंय, यावर निदान ठरतं. दाणा तपकिरी होऊन वाळतोय, तर हवा कोरडी आहे. दाणा हिरवाच राहतो पण आठवडेच्या आठवडे वाढत नाही आणि पानं मोठी, गडद हिरवी होतायत, तर ऊन कमी किंवा मातीत खत. भरपेट मिळालेलं झाड घट कशाला करेल?

कोरड्या हवेवर दिवसातून दहादा पाणी फवारणं हा उपाय नाही, पाच मिनिटांत ते उडून जातं. झाड इतर कुंड्यांच्या घोळक्यात ठेवा, खाली खड्यांची पाणी भरलेली परात ठेवा, एसीच्या आणि पंख्याच्या झोतातून हलवा. कोकणात, मुंबईत, गोव्यात वर्षातले बरेच महिने हवाच तुमच्या बाजूने असते. पुण्यात माझी घटपर्णी फेब्रुवारी ते मे घट धरत नाही आणि जूनच्या मध्यापासून धरायला लागते. हे मी आता ऋतू म्हणूनच स्वीकारलंय.

जागा बदलली की घटपर्णी रुसते. नर्सरीतून आणल्यावर असलेले घट वाळतात आणि पुढची दोन-तीन पानं बिनघटाची येतात, हे अगदी नेहमीचं. तिला तिसऱ्यांदा हलवू नका.

जात कोणती आहे तेही बघा. थंड डोंगरांवरच्या जातींना रात्री १०–१५ अंश लागतात, त्या मुंबईत झुरून मरतात. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत बहुतेक वेळा व्हेंट्राटा नावाची संकरित घटपर्णी मिळते, ती सोशिक आहे. भारताची स्वतःची घटपर्णी एकच, मेघालयातली नेपेन्थिस खासियाना. गारो लोक तिला मेमांग-कोक्सी म्हणतात, म्हणजे भुताची टोपली. ती आपल्या उष्ण, दमट हवेत छान वाढते, पण जंगलात ती धोक्यात आहे आणि तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत. रोपवाटिकेत वाढवलेलीच आहे याची खात्री असेल तरच घ्या.

ताटलीत पाणी किती ठेवायचं?

फ्लायट्रॅप, सारासेनिया, ड्रॉसेरा (पानांवर चिकट दव असलेला दवबिंदू) यांना एक-दोन सेंटिमीटर. ते संपलं की एक दिवस जाऊ द्यायचा आणि पुन्हा भरायचं. घटपर्णीला ताटलीत उभी करू नका. तिची मुळं ओलसर हवीत, बुडालेली नकोत. सगळ्यांना एकच नियम लावल्यामुळे कितीतरी घटपर्णी सडतात.

ड्रॉसेराच्या पानांवरचं दव नाहीसं झालं.

दव म्हणजे त्याचा चिकट द्रव, आणि तो करायला ऊन आणि ओलावा दोन्ही लागतात. पार्सलमधून आलं असेल तर दोन आठवडे थांबा. पावसात उघड्यावर असेल तर दव धुऊन जातं, वळचणीला घ्या. दोन्ही नसेल तर ऊन वाढवा. केप ड्रॉसेरा वरून पूर्ण मेला तरी कुंडी फेकू नका. मी एकदा ओली ठेवलेली कुंडी दीड महिन्याने फुटलेली पाहिली आहे. त्याच्या जाड मुळांतून नवे कोंब येतात.

कासच्या सड्यावरून दवबिंदू आणला होता. दिवाळीपर्यंत गेला.

तो जाणारच होता. आपल्या सड्यांवरचे, म्हणजे कातळाच्या पठारांवरचे, ड्रॉसेरा इंडिका आणि ड्रॉसेरा बर्मानी पावसाळ्यातच जगतात. बी टाकतात आणि सडा तापला की संपतात. कातळावरच्या त्या बोटभर ओल्या मातीची नक्कल कुंडीत होत नाही. शेजारी उगवणाऱ्या 'सीतेची आसवं' या कीटकभक्षी झाडांचंही तसंच. त्यांचे सापळे तर मातीखाली असतात, उपटताना ते तुटून तिथेच राहतात. २०१२पासून कास पठार जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. पण यादीत नसलेला रत्नागिरी-सिंधुदुर्गातला सडा असला, तरी कृपा करून उपटू नका. तुम्ही उपटलेल्या रोपाचं पुढच्या वर्षीचं बी तिथे पडत नाही. गुडघ्यांवर बसून बघा, भिंगातून बघा, फोटो काढा.

डिसेंबरमध्ये फ्लायट्रॅप एवढासा झाला, वाढच थांबली.

झोपलाय. मूळ गावी त्याला खरी थंडी असते, आणि तीन-चार महिन्यांची विश्रांती त्याला लागते. पुणे, नाशिक, महाबळेश्वर इथे गॅलरीत उघड्यावर ठेवलं की रात्रीच्या गारव्याने आणि लहान दिवसाने ते जमतं. पाणी कमी करा, माती नुसती ओलसर ठेवा, काळी पानं काढत राहा. राखाडी बुरशी याच दिवसांत धरते.

मुंबई-गोव्यात थंडीच नाही. तिथे दोन-तीन वर्षं विश्रांतीशिवाय गेलेलं झाड दरवर्षी थोडं बारीक होत जातं, आणि लोकांना वाटतं ते "अचानक" मेलं. काही जण कुंडीतून काढून, मुळं ओल्या शेवाळात गुंडाळून, छिद्रं पाडलेल्या पिशवीत फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवतात. हे चालतं, दर आठवड्याला बुरशी तपासली तर. एवढं जमणार नसेल तर किनाऱ्यावर राहणाऱ्याने घटपर्णी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आम्ही नागपूरचे. उन्हाळ्यात काय करायचं?

४५ अंशांत पानापेक्षा मूळ आधी उकडतं. काळी कुंडी वापरू नका. लहान कुंडी मोठ्या पांढऱ्या कुंडीत ठेवून मधे ओलं शेवाळ भरा. सकाळी दहापर्यंत ऊन, पुढे हिरव्या जाळीखाली. दुपारी ताटलीतल्या पाण्यात बोट घाला. चटका बसला तर ते ओता आणि सावलीतलं पाणी भरा. कूलरच्या खोलीतली खिडकी घटपर्णीला मानवते, पण कूलरच्या टाकीतलं पाणी तिला चुकूनही घालू नका.

फूल येतंय. येऊ द्यावं का?

अशक्त फ्लायट्रॅप असेल तर दांडा बोटभर झाला की कापा. धडधाकट असेल तर तुमची इच्छा. ड्रॉसेराला फुलं झेपतात.

कीड कशी ओळखायची?

कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. घटपर्णीच्या पानाच्या बेचक्यात बघा. कोंबात हिरवे-काळे ठिपके म्हणजे मावा. पानावर बारीक जाळी आणि फिकट टिकल्या म्हणजे लाल कोळी, तो कोरड्या दिवसांत येतो. मावा असेल तर फ्लायट्रॅपची कुंडी अख्खी पावसाच्या पाण्यात दोन दिवस बुडवून ठेवा. झाडाला काही होत नाही, मावा गुदमरतो. पिठ्या ढेकूण स्पिरिटच्या कापसाने एकेक टिपा. साबणाचं पाणी आणि कडुनिंबाचं तेल ड्रॉसेरावर मारू नका, दवाच्या ग्रंथीच जळतात.

सगळं काळं झालंय. काही आशा?

कंद काढून बघा. फ्लायट्रॅपचा कंद बुडाशी पांढरा, कांद्याच्या पातीच्या बुंध्यासारखा कडक असेल तर तो जिवंत आहे. सडका भाग स्वच्छ ब्लेडने पांढरं लागेपर्यंत कापा, नव्या ओल्या शेवाळात अर्धा पुरा, उजेडात पण थेट उन्हाबाहेर ठेवा. एखादं पान बुंध्याच्या पांढऱ्या भागासकट निघालं तर तेही शेवाळावर आडवं ठेवा, त्याला पिल्लं फुटू शकतात. घटपर्णीचं खोड नखाने खरवडा. आत हिरवं असेल तर हिरव्यापर्यंत छाटा, बुडातून धुमारा येतो.

मग थांबा. फ्लायट्रॅपला सहा आठवडे द्या, घटपर्णीला तीन महिने. तोवर रोज उपटून बघू नका, खत नको, किडा नको, जागा हलवणं नको. फ्लायट्रॅपच्या ताटलीत स्वच्छ पाणी आणि घटपर्णीची माती ओलसर आहे ना, एवढं बघा, आणि आठवड्यातून एकदा भिंग घेऊन मधोमध बघा. हिरवा ठिपका दिसला की त्या दिवसाची तारीख कुंडीवर लिहून ठेवा.